नागरी समाज : एका शब्दाचा प्रवास आणि आपले गाव

वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीवरील लेखनात 'नागरी समाज' हा शब्दप्रयोग आपल्याला वारंवार आढळतो. कोणी तो स्वयंसेवी संस्थांसाठी वापरतो, कोणी मोर्चे काढणाऱ्या जाणकारांसाठी, तर कोणी सरकार सोडून उरलेल्या सर्वांसाठी. शब्द एक आणि अर्थ अनेक, अशी स्थिती झाल्यामुळे सामान्य वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. म्हणून या शब्दामागील विचार युरोपात कसा घडत गेला, तो महाराष्ट्रात कोणत्या वाटेने आला आणि वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावी राहणाऱ्या भाविकाला त्याचे काय प्रयोजन आहे, हे आम्ही येथे शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडणार आहोत.

आरंभीच दोन अडचणी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली 'नागरी' या शब्दाची. आपल्याकडे नागरी बँक, नागरी वस्ती असे म्हटले की डोळ्यांसमोर शहर येते. रिसोड तालुक्यातील शेतकऱ्याला, ज्याचे सारे वर्ष सोयाबीन, तूर आणि पावसाच्या भरवशावर चालते, हा शब्द आपला वाटत नाही. परंतु येथे 'नागरी' म्हणजे शहरी नव्हे, तर नागरिकांचा. दुसरी अडचण 'समाज' या शब्दाची, आणि ती अधिक खोल आहे. ग्रंथात समाज म्हणजे सर्व माणसे. बोलण्यात मात्र 'आमच्या समाजाचा मुलगा', 'समाजाचे मंगल कार्यालय', 'समाजाचा मेळावा' असे म्हटले जाते, तेव्हा समाज म्हणजे जात असाच अर्थ घेतला जातो. नागरिकांचा समाज आणि जन्माने मिळालेला समाज यांतील हे अंतर हाच या लेखाचा गाभा आहे.

प्राचीन अर्थ : राज्य हाच नागरी समाज

आज आपण राज्य वेगळे आणि नागरी समाज वेगळा मानतो. आरंभी तसे नव्हते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने नगरराज्याला समान नागरिकांची सहवसती मानले. कुटुंबापेक्षा आणि खेड्यापेक्षा मोठी, आणि केवळ जगण्यासाठी नव्हे तर चांगले जगण्यासाठी एकत्र आलेली ती वसती होती. तिच्यात स्त्रिया, गुलाम व परके यांना नागरिक म्हणून स्थान नव्हते, हेही विसरता येत नाही. पुढे रोमचा सिसेरो याने कायद्याने बांधलेल्या समाजाची कल्पना मांडली. कायद्याखाली राहणे म्हणजे नागरी असणे, हा अर्थ तेथून रूढ झाला.

संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'देवाचे नगर' या ग्रंथाने या विचाराला एक मर्यादा घातली. पृथ्वीवरील कोणतेही राज्य माणसाची संपूर्ण निष्ठा मागू शकत नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. मध्ययुगात मठ, विद्यापीठे, कारागिरांच्या श्रेणी व स्वायत्त नगरे अशा अनेक संस्था आपापल्या नियमांनी चालत होत्या. त्यांना कोणी 'नागरी समाज' म्हणत नसे, पण राजाच्या सत्तेखेरीजही माणसे आपले व्यवहार स्वतः चालवू शकतात याचा तो मोठा अनुभव होता.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील यादवीच्या काळात थॉमस हॉब्ज याने १६५१ साली 'लेव्हायथन' हा ग्रंथ लिहिला. राज्यसत्ता नसेल तर माणसे एकमेकांच्या भीतीत जगतील, म्हणून सर्वांनी आपली सत्ता एका सार्वभौमाच्या हाती द्यावी, असे त्याचे मत होते. जॉन लॉक याने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नागरी समाज हा शब्द जुन्याच अर्थाने वापरला, पण त्यात एक नवी गोष्ट आणली. सरकार ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. त्या विश्वासाचा भंग झाला तर सरकार मोडते, समाज मोडतोच असे नाही. राज्य आणि समाज यांच्यामध्ये पहिली भेग येथे दिसू लागली.

राज्य आणि समाज वेगळे होतात

ही भेग अठराव्या शतकात रुंदावली. स्कॉटलंडमधील ॲडम फर्ग्युसन याने १७६७ मध्ये 'नागरी समाजाच्या इतिहासावरील निबंध' प्रसिद्ध केला. फर्ग्युसन हा तरुणपणी सैन्यातील पाळक होता. व्यापार वाढतो, श्रमविभागणी होते, सुखसोयी येतात, हे त्याने मान्य केले. पण प्रत्येक जण आपल्या धंद्यातच गुंतून राहिला आणि सार्वजनिक कामातून त्याने अंग काढून घेतले, तर त्या समाजाचे स्वातंत्र्य टिकणार नाही, असा इशाराही दिला.

थॉमस पेन याने १७७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत समाज आणि सरकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे स्पष्टपणे सांगितले. समाज आपल्या गरजांतून निर्माण होतो, सरकार आपल्या दुर्गुणांना आवर घालण्यासाठी लागते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. १७९१ पासून प्रसिद्ध झालेल्या 'मानवाचे हक्क' या ग्रंथात त्याने हाच धागा पुढे नेला. हा ग्रंथ अर्धशतकानंतर पुण्यातील एका तरुणाच्या हाती पडणार होता.

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने १८२१ मध्ये कुटुंब, नागरी समाज आणि राज्य अशी तीन पायऱ्यांची मांडणी केली. त्याच्या मते नागरी समाजात बाजार, न्यायालये आणि व्यावसायिकांचे संघ येतात. माणूस तेथे आपले हित साधतो आणि नकळत दुसऱ्याच्या गरजाही भागवतो. परंतु हाच समाज दारिद्र्यही निर्माण करतो आणि ते त्याला स्वतःला दूर करता येत नाही, असे हेगेलने बजावले. कार्ल मार्क्सने याच मुद्द्यावर बोट ठेवून नागरी समाज म्हणजे प्रत्यक्षात मालमत्ताधारकांचाच समाज होय, अशी टीका केली.

संघटन करण्याची कला

फ्रान्सचा ॲलेक्सिस द तोकव्हील १८३१ मध्ये अमेरिकेत गेला व सुमारे नऊ महिने तेथे हिंडला. १८३५ आणि १८४० साली दोन भागांत आलेल्या ग्रंथात त्याने आपले निरीक्षण मांडले. फ्रान्समध्ये कोणतेही नवे काम सरकार करते, इंग्लंडमध्ये एखादा बडा उमराव करतो. अमेरिकेत मात्र सामान्य माणसे मंडळ स्थापून ते उभे करतात, मग ते चर्चमंदिर असो, शाळा असो वा रुग्णालय. लोकशाहीत एकटा माणूस दुबळा असतो. एकत्र येण्याची कला तो शिकला नाही तर सरकार त्याचे सर्व काही करू लागेल आणि तो केवळ हात पसरणारा उरेल, ही तोकव्हीलची चिंता होती. स्वातंत्र्याची प्राथमिक शाळा म्हणजे गावसभा, असे त्याला वाटत असे.

तोकव्हील हे लिहीत होता त्याच काळात, १८३३ मध्ये, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह गरिबांच्या घरी जाऊन मदत करण्याचे काम सुरू केले. त्या वेळी त्याचे वय केवळ २० वर्षांचे होते. हेच काम पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरले व आपल्याकडील अनेक धर्मग्रामांच्याही परिचयाचे झाले. ही संस्था सरकारने काढली नाही आणि एखाद्या महागुरूंच्या आदेशानेही ती निघाली नाही. प्रापंचिकांनी आपणहून उभारलेले ते संघटन होते.

विसाव्या शतकात इटलीतील अंतोनिओ ग्राम्शी याने तुरुंगात लिहिलेल्या टिपणांत आणखी एक बाजू दाखवली. शाळा, वृत्तपत्रे, चर्च अशा संस्थांतूनच सत्तेला लोकांची संमती मिळत असते. म्हणून नागरी समाज नेहमी सत्तेपासून अलिप्त असतो असे समजू नये. याउलट पोलंडने दुसरे उदाहरण दिले. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मायदेशाला भेट दिली. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्क येथील गोदी कामगारांच्या संपातून 'सॉलिडॅरिटी' ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली आणि तिची सदस्यसंख्या सुमारे १ कोटीपर्यंत गेली. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाला, संघटनेवर बंदी आली, तरी ती संपली नाही. जून १९८९ च्या निवडणुकीत तिने साम्यवादी राजवटीला हार पत्करायला लावली. त्यानंतर 'नागरी समाज' हा शब्द पुन्हा जगाच्या तोंडी आला.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतील बदल

शब्दाचा अर्थ कसा बदलला हे ख्रिस्तसभेच्या दस्तऐवजांतही दिसते. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात नागरी समाज हा शब्द अजून जुन्या अर्थाने, म्हणजे सर्वांच्या हितासाठी असलेल्या राज्यसमाजासाठी आला आहे. त्याच्या पोटात माणसे ज्या संस्था स्थापतात त्यांना परिपत्रकाने खाजगी संस्था म्हटले आणि त्या स्थापन करणे हा माणसाचा नैसर्गिक हक्क असल्याचे सांगितले. कामगार संघटनांचे समर्थन याच आधारावर झाले. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात त्याला तत्त्वाचे रूप दिले : लहान संस्था जे काम स्वतः करू शकते ते मोठ्या संस्थेने हिरावून घेणे हा अन्याय होय. १९९१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात कुटुंब आणि राज्य यांच्या मधल्या समूहांना विशेष महत्त्व दिले. माणूस केवळ बाजारातील ग्राहक नाही आणि केवळ राज्याचा लाभार्थीही नाही, ही त्यातील भूमिका आहे.

महाराष्ट्रात हा विचार कसा आला

आता आपण आपल्या भूमीकडे वळू. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या स्थापनेचे निमित्त मोठे बोलके आहे. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या आणि त्यांची तड लावण्यासाठी काही मंडळी एकत्र आली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. सभासद होणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम होता. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे सिद्ध केल्याशिवाय सार्वजनिक प्रश्नावर बोलायचे नाही, ही शिस्त त्यामागे होती. पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी केली आणि १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारकडे लोकांची बाजू मांडली.

तथापि सभेत मुख्यतः उच्चवर्णीय व प्रतिष्ठित लोकच होते. 'सार्वजनिक' या शब्दात सर्व जन येतात का, हा प्रश्न जोतीराव फुले यांनी विचारला. जोतीरावांचे इंग्रजी शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. थॉमस पेनचा 'मानवाचे हक्क' हा ग्रंथ त्यांनी १८४७ च्या सुमारास वाचल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. येथे 'समाज' हा शब्द जातीच्या अर्थाने नव्हता. जन्माने कोणी त्याचा सभासद होत नसे. विचार पटला तर माणूस त्यात येई, मग त्याची जात वा धर्म कोणताही असो. पेनने समाज आणि सरकार वेगळे केले होते. जोतीरावांना त्याहून कठीण काम करावे लागले : त्यांना समाज आणि जात वेगळे करायचे होते.

सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक त्यानंतर सुमारे वर्षभराने आले. युरोपातील कामगारांसाठी पोपमहोदयांनी ज्या हक्काचे समर्थन केले, तो हक्क मुंबईतील कामगार तोवर वापरू लागले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९३६ साली त्यांनी जातिप्रथेच्या उच्छेदनावर लिहिलेले भाषण लाहोरच्या निमंत्रक मंडळाने होऊ दिले नाही, तेव्हा ते त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. जातीमुळे सार्वजनिक वृत्ती मारली जाते आणि माणसाची दया, दान व जबाबदारी स्वतःच्या जातीपुरतीच उरते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. कुटुंब आणि राज्य यांच्यामध्ये संस्था आहेत एवढ्यावर तोकव्हील समाधानी झाला असता. आपल्या देशात त्या मधल्या जागेत जात शतकानुशतके बसलेली आहे, म्हणून केवळ संस्थांची संख्या मोजून भागत नाही. त्या संस्था कशा आहेत हे पाहावे लागते.

याचे अगदी ठळक उदाहरण जातपंचायतीचे आहे. ती सरकारी नाही, लोकांचीच आहे, तिला नियम आहेत, ती तंटेही सोडवते. वरवर पाहता ती नागरी समाजाचीच संस्था वाटेल. पण आंतरजातीय विवाह करणाऱ्या मुलीच्या घराला ती वाळीत टाकते. त्या घरी कोणी मयतीला जात नाही, दुकानदार किराणा देत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला. वाळीत टाकणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. येथे राज्याने व्यक्तीला समूहापासून संरक्षण दिले आणि त्या राज्याला जागे करण्याचे काम नागरिकांच्या संघटनेने केले. राज्य आणि नागरी समाज एकमेकांचे शत्रूच असतात, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

आपल्या परिसरातील वारसा

विदर्भाला या कामाची परंपरा नवी नाही. अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारत. लोकवर्गणीतून त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसेवेची जोड दिली. गावाचे काम गावाने करावे, ही दोघांचीही शिकवण होती.

मराठी कॅथलिकांनीही हा वारसा चालवला आहे. वसईत 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून बेसुमार बांधकाम व भूजलाचा उपसा यांविरुद्ध लढा दिला. हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा नव्हता. विहिरीचे पाणी आटते तेव्हा ते धर्म विचारून आटत नाही. त्यामुळे निरनिराळ्या धर्मांचे वसईकर त्या लढ्यात उतरले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांना लाभले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

केनवडसाठी तीन प्रश्न

केनवडसारख्या गावात आज कोणकोणत्या संस्था असू शकतात ते पाहा. महिलांचे बचत गट, पीककर्ज देणारी 'सोसायटी', भजनी मंडळ, तरुणांचे उत्सव मंडळ, शाळेची व्यवस्थापन समिती, जातीजातींचे संघ आणि जेथे भाविक आहेत तेथे त्यांचे प्रार्थनागट. यांपैकी नागरी समाजाची संस्था कोणती? वर पाहिलेल्या प्रवासातून आम्हांस तीन प्रश्न सुचतात.

पहिला प्रश्न दाराचा. या संस्थेत माणूस आपल्या इच्छेने येऊ शकतो का आणि शिक्षेच्या भीतीवाचून बाहेर पडू शकतो का? लॉकच्या संमतीच्या विचाराचे हे गावपातळीवरील रूप आहे. जातपंचायत येथेच नापास होते.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. वर्गणी किती जमली, खर्च किती झाला, हे कोणीही विचारू शकतो का? विचारणाऱ्याचा मान राखला जातो का? पुण्याची सार्वजनिक सभा देवस्थानाच्या कारभाराविषयी प्रश्न विचारण्यातूनच जन्मली, हे लक्षात ठेवावे. आठवड्याला जमणारा दहा बायकांचा बचत गट, जो प्रत्येक रुपया सर्वांसमोर मोजून वहीत लिहितो, तो या कसोटीवर एखाद्या नामांकित मंडळापेक्षा वरचढ ठरू शकतो.

तिसरा प्रश्न परक्याचा. संस्थेचे काम आपल्या लोकांपाशीच थांबते की जो आपला नाही त्याच्यापर्यंतही जाते? हा प्रश्न आंबेडकरांचा आहे आणि चांगल्या शोमरोनीचा दाखला ऐकलेल्या प्रत्येक भाविकाचाही आहे. आपण थोडे आहोत म्हणून आपल्यापुरतेच राहावे, असा मोह अल्पसंख्य समाजाला नेहमी होतो. तो समजण्यासारखा आहे. परंतु धर्मग्रामातील मंडळ केवळ आपल्याच कुटुंबांच्या सोयी पाहू लागले, किंवा भाविकांच्याच बैठकीत जातीनुसार बसण्याच्या जागा ठरू लागल्या, तर आपणही 'समाज' या शब्दाच्या त्याच जुन्या, अरुंद अर्थात परत जातो.

यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला संस्था स्थापन करण्याचा हक्क दिला आहे. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, आणि गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आपल्या राज्यात आहे. तोकव्हीलने ज्या गावसभेला स्वातंत्र्याची शाळा मानले, ती आपल्या चावडीजवळच भरते. तेथे किती जण जातात, किती स्त्रिया बोलतात, पाणंद रस्त्याचा वा नळयोजनेचा हिशेब कोण विचारते, यावर आपल्या गावात नागरी समाज आहे की नाही ते ठरते. ग्रामसभा सरकारी रचनेचा भाग आहे खरी, पण तिला जिवंत ठेवणारी सवय बचत गटात, मंडळात आणि धर्मग्रामाच्या बैठकीतच अंगी बाणते.

युरोपातील विचारवंतांनी दोन हजारांहून अधिक वर्षे या कल्पनेवर विचार केला आणि महाराष्ट्रातील सुधारकांनी तिला आपल्या मातीतील कठीण प्रश्नावर घासून पाहिले. आपल्या वाट्याला आलेले काम त्या मानाने लहान आहे. पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्यावी, धर्मग्रामातील प्रत्येक घरातून एक तरी व्यक्ती तेथे जावी, आणि जाताना शेजारच्या घरातील माणसालाही, मग तो कोणत्याही 'समाजाचा' असो, बरोबर घ्यावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.